रिकाम्या गाडीचं वजन

सावद्याच्या वजनकाट्यावर आप्पा
प्रत्येक नव्या पोराला एवढंच शिकवायचे:
पयले रिकामी गाडी तोल, मंग भरेल.
नाहीतर लोखंडाचा भाव केळीला लागतो.

तेराव्याला, वरणबट्टीची पंगत उठायच्या आत,
झोपे वकिलांनी कागद वाचला.
काटा, केबिन, मागची बखळ, सगळं मिळून सोळा आणे.
भाग्येशला आठ.
डिंपलला तीन, कुंदनला तीन.
मला दोन.

काकू म्हणाली, घरटी वाटायचं असतं.
आत्या म्हणाली, डोईमागे.
माझे बाबा बट्टी कुस्करत राहिले,
तूप केव्हाच थिजलेलं.

मग लाल कापडाची वही निघाली.
एकेका नातवाचं एकेक पान.
माझ्या पानावर नाशिक, फार्मसी, चार वर्षं,
खोलीचं भाडं, मेस,
लग्नातली पोत, चौदा ग्रॅम,
आणि एका ओळीत नुसतं:
रिक्षा, रडत आली, चाळीस रुपये.

भाग्येशच्या पानावर एक सायकल.
जुनी.

बारावी सोडून तो रात्रपाळीला बसला होता,
दिल्लीच्या गाड्यांच्या पावत्या फाडत.
बरंय बाबा तुझं, अभ्यास नाही,
असं त्याला मीच म्हणाले होते.

हिशेबात चूक निघाली असती तर बरं झालं असतं.
रात्रभर शोधली.
जळगावच्या दवाखान्यातले माझे सव्वीस दिवस,
त्यांचं तोंड पुसणं, पहाटे नर्सला उठवणं,
कुठेच जमा नव्हते.
पण वही त्याच्या आधीच संपलेली,
शेवटचा आकडा ओळीखाली घसरलेला.

सकाळी मी सही केली.
भाग्येश म्हणाला, ताई, माह्यातले दोन घे.
मी घेणार होते.
खरंच घेणार होते.

तेवढ्यात रावेरकडून ट्रक आला, भरलेला,
केळीच्या पानांचं टोक टपाखालून लोंबतंय.
तो केबिनमध्ये पळाला.
ड्रायव्हरला विचारलं, रिकामीची पावती कुठंय?
आवाज हुबेहूब आप्पांचा.

ट्रक गेल्यावर मी उगाच
काट्याच्या पत्र्यावर जाऊन उभी राहिले.
ऊन तापायला लागलं होतं, चपलेतून कळत होतं.
आतून तो ओरडला, साठ!

हा काटा दहा-दहानेच पुढे सरकतो.
मी छप्पन्न.

पावती फाडू का? त्याने विचारलं.
फाड, म्हटलं.