तळटीप क्रमांक सतरा

‘फुटण्याआधी बर्फ गुणगुणतो’
हे वाक्य मी प्रबंधात सहज लिहून टाकलं, पान त्रेसष्ट.
हेल्वेनं समासात पेन्सिलीनं एवढंच विचारलं:
कोण म्हणतं?

मी चार पुस्तकं पुढे केली.
चारही एकमेकांकडे बोट दाखवत होती,
वर्गात काच फुटल्यावर पोरं दाखवतात तशी.

मग अख्खा फेब्रुवारी तार्तूच्या दफ्तरखान्यात,
हातमोजे काढत, पुन्हा घालत.
हीटर फक्त ओटच्या टेबलापाशी.
अठ्ठ्याहत्तरचा लेख चौतीसच्या ग्रंथाकडे पाठवतो,
ग्रंथ एका जर्मन नियतकालिकाकडे: पान एक्केचाळीस.
पान एक्केचाळीसवर
सलगमचे भाव.

म्हणजे नव्वद वर्षांत
कुणी ते पान उघडलंच नव्हतं.
दाखला हातोहात सरकत आला,
चव न घेता पंक्तीत वाढलेल्या आमटीसारखा.
आणि मीही पळी धरलीच होती की.

‘आकडे उलटे करून बघ,’ ओट म्हणाला,
मान वर न करता.

पान चौदा.
वाक्य होतं तिथे, पण वेगळं:
बर्फ गुणगुणत नाही. कण्हतो.
गुणगुणणं मधल्या कुणीतरी पदरचं घातलेलं.
शेवटी एक तारका, आणि खाली बारीक अक्षरांत:
किह्नू बेटावरील एका बाईकडून.

तिची चिठ्ठी चौथ्या खोक्यात सापडली.
रीट. खलाशाची विधवा.
आडनाव विचारले नाही.
मोबदला: अर्धा पौंड साखर.
आणि कडेला, घाईघाईत:
नवरा गेला त्या रात्री हिने ऐकले.

आता संदर्भसूचीचा नमुना समोर आहे:
आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर, वर्ष, प्रकाशक, पान.
मला आडनावापाशीच अडायला होतं.
बाईकडून घेतलं, ते पुस्तकांच्या नावे फेडत आलो सगळे,
साखरेत हिशेब मिटला असं समजून.

काल संध्याकाळी नदीवर गेले.
पुलाखाली उभी राहिले, टोपी कानावरून वर करून,
बोटं बधिर होईपर्यंत.
वर बस गेली. कुणीतरी कुत्र्याला हाक मारली.
बर्फ गप्प होता.

घरी येऊन क्रियापद बदललं.
तळाशी लिहिलं:

१७. रीट, किह्नू. तोंडी. आडनाव नोंदलेले नाही.
मधल्या चारही ग्रंथांत शब्द बदललेला आहे.
प्रस्तुत लेखिकेने हा आवाज
स्वतः ऐकलेला नाही.