खाकी कागद

माहीमला, पालिकेच्या शाळेत, दुसरा मजला,
रविवारी नऊ ते बारा.
बाकं सातवीतल्या मुलांची; गुडघे मावत नाहीत.
तळाशीलकर सर म्हणाले, पांढरा कागद घरी ठेवा.
पांढऱ्यावर नवशिका घाबरतो
आणि घाबरला की डोळे काढत सुटतो.

कागद दिला खाकी.
मला हसू आलं. एकतीस वर्षं
हाच रंग अंगात घालून मी जिन्यांखाली वाकलो,
मीटरवर बत्ती मारून आकडे टिपले.

समोर लोबोबाई. निवृत्त टायपिस्ट,
मांडीवर पर्स, तासाचे दोनशे.
"सरळ बसू की वाकडी?" एवढंच विचारून
खिडकीकडे तोंड करून गप्प.

खडू तीन: काळा, तांबूस, पांढरा.
डोळे किलकिले करा, सर म्हणाले, बाई विसरा,
काळोख कुठे साचलाय तेवढं बघा.
ते मात्र मला येत होतं.
भुवईखाली होता, नाकाच्या कडेला,
हनुवटीखालून कॉलरपर्यंत उतरलेला,
वर्षभर कुणी न उघडलेल्या मीटरच्या खोलीसारखा.
तांबूस खडू आडवा धरून मी तिथे नुसता फिरलो.

मग गालाकडे हात नेला
तर सरांनी मनगटच धरलं.
"तिथे कागद आहे ना. त्याला करू दे."

पाहिलं. खरंच, गाल होता.
मी काहीच केलं नव्हतं तिथे, आणि तो बाईंचा होता,
बसस्टॉपवरच्या उन्हात वर्षानुवर्षं उभा राहिलेला.

पांढरा सगळ्यात शेवटी. मीठ घालतोय असं समजून.
कपाळावर घातला, नाकाच्या शेंड्यावर,
चष्म्याच्या दांडीवर जरा जास्तच,
आणि बुबुळांत एकेक ठिपका.
तो पडला दोन डोळ्यांत दोन बाजूंना;
माझ्या लोबोबाईंना दोन खिडक्या दिसतात.

बारा वाजता त्या उठल्या, पाय झाडले,
सगळ्यांचे कागद बघत माझ्यापाशी थांबल्या.
"नाक माझं नाही," म्हणाल्या.
"आमच्या बेनीचं आहे. भाऊ. वसईला असतो.
बोलत नाही आम्ही."
मग रुमाल काढून
माझ्या बाहीवरची पूड झटकली, दोनदा,
नाकाबद्दल पुढे काही नाही.

नाक मी खोडायला घेतलं होतं. राहू दिलं.

परतीच्या बसमध्ये समोरच्या माणसाच्या
जबड्याखाली फार सुंदर काळोख होता.
मी डोळे किलकिले केले.
तो उठून मागच्या सीटवर जाऊन बसला.