दोन क्रेडिट पॉइंट

रात्रीचे साडेआठ. पारोळ्यात वीज आहे,
हीसुद्धा नोंद करावी अशी गोष्ट.
स्क्रीनवर हृदयविकारावर
पुण्याचे कुणी सर बोलतायत;
एकशे चौदा डॉक्टर, सगळे म्यूट.
मी कळण्याची भाकरी मोडतो,
ठेच्याचं बोट माउसला लागू न देता.

दार ढकलून सुपडाबाई येते.
"डाक्टर, छातीमा काही दुखत नही.
नुसता जीव घाबरा व्हस. जबडा जड लागस."

सर अजून पुरुषांच्याच स्लाइडवर.

चिमटे लावतो. कागद सरकतो,
रेघ उचललेली, उतरायचं नाव नाही.
अ‍ॅस्पिरिन. धुळ्याला फोन. पोराची पिकअप,
मागे केळीची पानं तशीच.

परततो तेव्हा प्रश्नोत्तरं संपलेली.
हजेरी अपूर्ण, प्रमाणपत्र नाही.
शेवटची स्लाइड तेवढी थांबलेली:
बायकांची लक्षणं वेगळी असतात.

माउसवर ठेचा.