चौकट क्रमांक सात

कोचायुयोला मूळ नसतं,
हे एर्सिलिया प्रादेनास प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला
पहिल्याच दिवशी सांगायची, गुडघाभर पाण्यात उभी राहून.
मूळ नाही, पकड.
खडकाला चिकटलेली पोळपाटाएवढी चकती.
तिच्यातून ते काही पीत नाही,
पितं सगळ्या अंगानं.
चकती फक्त धरून राहते.

मी टेप धरायचो आणि आकडे लिहायचो.
अमावास्येच्या ओहोटीला, पहाटे,
लाटा जरा मागे सरतात तेवढ्या वेळात
बारा चौकटी,
अर्ध्या अर्ध्या मीटरच्या, पांढऱ्या पाइपच्या,
कोपऱ्यांना खडकात रुतवलेले बोल्ट,
जे तिनं ठोकले तेव्हा मी शाळेत होतो.
चकत्या किती, पट्ट्यांची लांबी किती,
चकतीखालच्या पोकळीतलं बिऱ्हाड केवढं:
नखाएवढे खेकडे, कृमी,
खडकाला जीभ लावून बसलेल्या गोगलगायी.
"भाडेकरू नीट मोज," ती म्हणायची,
"घर पडलं की आधी हेच रस्त्यावर येतात."

सुनिल्दा अंतिलेओ आम्हाला हसायची.
कुठला खडक कुठल्या घरचा
हे त्या किनाऱ्यावर कुणी लिहून ठेवलेलं नाही
आणि कुणी विसरलेलंही नाही.
ती सुरीनं कापायची, कोवळ्यांना हात न लावता,
पेंढ्या बांधायची, बैलगाडीत रचायची.
पहार घेऊन येणारे वेगळे. ते रात्री यायचे,
चकतीसकट खरवडून न्यायचे.
"समूळ उपटतात," मी वहीत लिहिलं.
एर्सिलियानं "समूळ" खोडलं.

मग फेब्रुवारीतली ती रात्र.
सगळं गाव टेकडीवर पळालं, कोंबड्या काखेत घेऊन,
आणि अंधारात समुद्राचा नुसता आवाज ऐकत बसलं.
उजाडल्यावर खाली पाहिलं
तर ओहोटी संपतच नव्हती.
भरतीची वेळ झाली. टळली.
सुनिल्दाचा भाऊ म्हणाला, समुद्र रुसून गेला.
एर्सिलियानं टेप लावली.
समुद्र होता तिथंच होता.
खडक उठला होता,
जवळजवळ माझ्या उंचीएवढा, एका रात्रीत.

ज्याला मूळच नाही
त्याच्या मुळावर
त्यानं धरलेला खडकच उठला.

पट्टे आधी पिवळे पडले, मग हाडांसारखे पांढरे,
आणि वास असा की कुत्री वळसा घालून जात.
तरी तिनं मोजायला लावलं.
चौकट एक: चकत्या नऊ. मेलेल्या नऊ. सुटलेली एकही नाही.
चौकट दोन: सहा. सहा. नाही.
बिऱ्हाडाच्या रकान्यात नुसती कवचं.
सातव्या चौकटीपाशी तिनं वही माझ्याकडून घेतली,
म्हणाली, आता तू बोल, मी लिहिते.
मी बोललो. पेन्सिल हलली नाही.
मी तोच आकडा परत सांगितला,
जरा मोठ्यानं,
जणू वाऱ्यामुळे ऐकू गेला नसावा.

दोन हिवाळ्यांनी, बऱ्याच खाली,
ज्या खडकांवर पूर्वी फक्त पाणबुडे जात तिथं
अंगठ्याएवढं काहीतरी तपकिरी दिसलं.
ती लगेच खूश झाली नाही. भिंग काढलं,
पालथी पडून पाहिलं, लाट डोक्यावरून गेली,
पुन्हा पाहिलं.
"असेल," म्हणाली.
तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

नव्या बारा चौकटी आता तिथं आहेत.
जुन्या सातवर सुनिल्दा पेंढ्या वाळवते.
चार बोल्टांना दोरी ताणली आहे, रीतसर विचारून.
"इतकी वर्षं विचारीन म्हणत होते," ती म्हणाली,
"हे ठोकलंय कशासाठी."

तक्त्यातून मी जुन्या चौकटी काढणार होतो.
एर्सिलिया काढू देत नाही.
दर वर्षी सातच्या ओळीत ती स्वतः लिहिते, शून्य,
आणि शेजारी, बारीक अक्षरात,
जे कुठल्याच अहवालात जाणार नाही:
पेंढ्या चौदा.