ठिणगीशिवाय

घे, आधी डिपस्टिक पूस. बाहीला नको, या फडक्याला.
तेल काळं दिसलं म्हणून नाक मुरडू नकोस, विल्फ्रेदो,
डिझेलचं तेल दुसऱ्याच दिवशी काळं होतं,
माझ्या नखांसारखं.
चिमटीत चोळून बघ. खर लागते?
नाही ना, मग अजून जीव आहे.

सहा सिलिंडर, तेरा लिटर.
विकणारा सात लाख किलोमीटर सांगतोय, काटाही तेच सांगतोय.
मी याचं पोट दोनदा उघडलंय.
बारा धर.

याला ठिणगी लागत नाही.
हवा दाबायची, आणखी दाबायची,
इतकी की तिचाच निखारा होतो,
मग डिझेलचा एक फवारा, बस.
माझी आई अशीच पेटायची.

बाजारातल्या मोटारसायकली बोंबलत पळतात.
हे खालच्या पट्टीत ओढतं.
अकराशे फेऱ्यांवर काटा ठेव,
मागे तीस टन सोयाबीन,
समोर ताम्बो केमादोचा चढ.
घाई करू नकोस. तेही करणार नाही.
उतारावर ब्रेकच्या पायाला विसावा दे,
इंजिनालाच श्वास कोंडून गाडी धरू दे.
त्या घुरघुरीनं वाटेतली कुत्री घाबरतात,
घाबरू देत.

चार हजार सहाशे मीटरवर हवा विरविरीत.
आपण कोकाची पानं गालात धरतो,
याच्या गालात टर्बो.
त्याची शिट्टी ऐकत जा.
शिट्टीचं रडणं झालं की कडेला घे,
मालक फोनवर काय वाटेल ते बोलू दे.

आता वाईट ऐक. मी दलाल नाही.
जूनच्या पहाटे साहामाच्या पायथ्याशी
डिझेल मेणासारखं थिजतं, फिल्टरवर साय धरते.
माझा मामा टाकीखाली लामाच्या लेंड्यांचा विस्तव करायचा.
तू करू नकोस. त्याला भुवया नव्हत्या.
एका इंजेक्टरच्या किमतीत चार लामा येतात,
आणि लामा घाण डिझेल पिऊन बिघडत नाहीत.
पंपावर दोन दोन दिवस रांग, ती वेगळीच.
शिवाय तो धूर. चढावरच्या शाळेची भिंत
दर वर्षी पांढरी करतात, दर वर्षी करडी होते.
मला खोकला लागला त्याला वीस वर्षं झाली.
डॉक्टर विचारतात, सिगारेट?
मी म्हणते, होय, तेरा लिटरची.

आणि एक गोष्ट, जी बाबा कुणाला सांगायचे नाहीत.
ओरुरोच्या बाजारात, कार्निव्हलच्या आदल्या दिवशी,
टर्बोचं सील गेलं
आणि इंजिन स्वतःचंच तेल प्यायला लागलं.
बाबांनी किल्ली काढली. ते चालूच.
डिझेल तोडलं. चालूच, आणखी जोरात,
पांढरा धूर, लोक ट्रॉम्बोन टाकून पळाले.
ज्याला पेटायला ठिणगी लागत नाही
त्याची कुठली ठिणगी विझवणार?
तेव्हा पाववाल्या दोन्या एरमोख्नेसनं
डोक्यावरची फळी पावांसकट उलटी केली
आणि बाबांच्या हातात दिली.
त्यांनी ती हवेच्या तोंडावर छातीनं दाबून धरली.
एक, दोन, तीन...
इंजिन अडखळलं, हिसकलं,
मग इतकी शांतता
की पाव घरंगळताना ऐकू आले.

त्या दिवसानंतर बाबांचा डावा कान गेला.
तरी शेवटपर्यंत बॉनेटवर तळवा ठेवून सांगायचे,
चौथा सिलिंडर आळशी आहे.
बरोबर असायचं.

जा, चालव. पहिली पाच मिनिटं नुसतं उभं ठेव,
तेल वरपर्यंत चढू दे.
थांबवतानाही तसंच, दमलेल्या टर्बोला एकदम झोपवू नये.
सीटच्या मागे एक फळी आहे,
मधोमध गोल काळा वळ उठलाय तिच्यावर.
लाकूड समजून जाळू नकोस.
हिशोबात ती धरलेली नाही.