खर्ज

हेरंब टिपणीसचा एकट्याचा अल्बम आला. नाव 'दाब'.
आठ गाणी, एकेचाळीस मिनिटं,
आणि दांडिया बाजारापासून मकरपुऱ्यापर्यंत
ज्याला त्याला मत फुटलं
मे महिन्यात पाठीवर घामोळं फुटावं तसं.

पिनाकिन म्हणाला, ड्रम मशीनचे आहेत,
मला विचारलं असतं तर फुकट वाजवले असते.
मग सेव-उसळीवर तर्री ओतता ओतता,
खाली बघत:
पण चौथं गाणं, यार.
चौथ्याला गाडी बाजूला घेतली फतेगंजच्या पुलाखाली.
मागचे हॉर्न देत होते. देऊ दे.

इद्रिसभाई चाळीस वर्षं अँप्लिफायर दुरुस्त करतात.
त्यांनी गाणी नाही ऐकली, आवाज ऐकला.
कोन फाटलाय, म्हणाले, डाव्या स्पीकरचा.
मुलाला सांग, तीनशेत बसवून देतो.
मी म्हटलं, ते मुद्दाम आहे.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा लावायला सांगितलं,
कथलाचा धूर विरेपर्यंत थांबले.
मुद्दाम असेल, तर महाग पडलं असणार त्याला.

फाइन आर्ट्सची ऐंद्री (ही मला काका म्हणते)
पहिली तीन गाणी गाळते.
घरात कुणी रागाने जिना चढून येतंय असं वाटतं, म्हणते,
आणि मला तो जिना माहितीये.

बहीण अश्लेषा शब्दांकडे लक्षच देत नाही.
ती श्वास मोजते.
सहाव्यात, दोन ओळींच्या मध्ये, ऐक, शिट्टी येतेय छातीतून.
पंप घेतो ना तो वेळेवर? विचार त्याला.
जणू मी रोज भेटतो.

आणि टिपणीसकाका,
नंदेसरीला बत्तीस वर्षं बॉयलरवर काढलेले:
दाब म्हणजे काय ते आधी मला विचारायचं होतं.
झडप असते. काटा लाल रेघेला टेकायच्या आत
ती सोडायची असते. ह्याने सोडलेलीच नाही.
बरं आहे का वाईट, काका?
ते म्हणाले, चहा गार झाला माझा.

मला विचारतात तेव्हा मी सांगतो,
मिक्सिंग जरा कोरडं आहे.

खरं असं, की अल्बममध्ये बेस नाही.
आठ गाण्यांत खर्जाचा एक थेंब नाही
आणि हे कुणाच्याही लक्षात आलेलं नाही.
विश्वामित्रीत मगर तळाला असते, पाणी हलत नाही,
तरी काठावर धुणं धुणारी बाई
हात आखडता घेते, तशी ती जागा
मला ऐकू येते.

नऊ वर्षं मी त्याच्या डाव्या हाताला उभा होतो.
नवरात्रात पैशासाठी गरब्याचे ठेके,
उरलेलं वर्षभर आमचं आमचं.
मग मी म्हटलं, घराचा हप्ता आहे, आता जमणार नाही.
तो काही बोलला नाही.
माझी केबल उचलली, एक वेढा आत, एक बाहेर,
पीळ न पडू देता गुंडाळली
आणि हातात दिली.

आणखी एक. गिटार अर्धा सूर उतरवलेली आहे.
सगळ्या गाण्यांत.
त्याचा गळा वर सहज जातो. ते उतरवणं
माझ्या गळ्यासाठी होतं, मी मागून साथ देताना
आवाज फाटायचा म्हणून.
एकट्याच्या अल्बमात ते कशाला?
सवय असेल. किंवा विसरला असेल.
किंवा टोमणा.

काल रात्री माळ्यावरून बेस काढला.
केबल अजून त्याच वेढ्यांत. सोडली नाही.
खुंट्या अर्धा सूर सैल केल्या,
लाकूड बरगडीला टेकवलं आणि एक तार छेडली.
शेजारी झोपलेल्या मुलीला काही ऐकू गेलं नाही.
मला गेलं.

मग त्याला लिहिलं:
डाव्या स्पीकरचा कोन फाटलाय.
इद्रिसभाई तीनशेत बसवून देतील.

एक टिक. थोड्या वेळाने दोन.
निळ्या व्हायच्या आत
फोन पालथा घातला.