अकरावा मैल

शिरवळच्या वाचनालयात
जुन्या रस्त्यावर बोललो, गुरुवारी.
माणसं नऊ. दोघं पंख्याखातर,
एकाला शब्दकोड्यासाठी पेन हवं होतं.

नकाशाचा खिळा निघाला
तशा ग्रंथपाल शेडगेबाई
तो दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या,
खंबाटकीचा घाट त्यांच्या कोपरापाशी.

मी सांगत गेलो : खडी, मुरूम,
बैल बदलायच्या जागा, रुंदीकरणात गेलेले वड.
अकराव्या मैलाचा दगड तेवढा, म्हटलं,
कुठं सापडत नाही.

नातीचं पुस्तक बदलायला आलेल्या
तानूबाई येळे दारातूनच बोलल्या,
"आमच्या मोरीत हाय की.
धुणं आपटतो त्याच्यावर.
आकडा खालच्या अंगाला,
म्हणून झिजला न्हाई."

पत्ता विचारला.
"जुन्या रस्त्यानंच या."

शेडगेबाईंचे हात
अजून वरच.